पान मऊ पडलं म्हणून लगेच पाणी नको, काका, आधी माती बघा

पत्र:

ताई नमस्कार,

मी ठाण्यात कोलशेतला राहतो, रिटायर्ड आहे. आधी नौपाड्यात तळमजल्याला होतो, मागे थोडी मोकळी जागा होती, तिथे मोगरा, जास्वंद, अनंत असं बरंच वाढवलं, त्यामुळे झाडांना हात लावायची भीती नाही. आता सतराव्या मजल्यावर आलोय. मुलगी फेब्रुवारीत नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि तिच्या पेपरोमियाच्या, म्हणजे घरात ठेवायच्या छोट्या शोभेच्या झाडांच्या, चार कुंड्या माझ्या हवाली केल्या. मेअखेरपर्यंत छान होत्या. जूनमध्ये मला वाटलं कुंड्या फारच लहान आहेत, म्हणून दहा इंची कुंड्या आणून लाल माती आणि शेणखत घालून लावल्या. हॉलमध्ये टीव्ही युनिटवर ठेवल्यात, खिडकी पश्चिमेला आहे पण तिथून लांब. रोज पूजा झाली की प्रत्येकीला एक तांब्या पाणी. आता कलिंगडाच्या पट्ट्यांचं जे आहे ते पार बसलंय, जाड पानांचं पिवळ्या कडांचं रोज पानं टाकतंय आणि पानांखाली खरखरीत पुटकुळ्या आल्यात, सुरकुतलेल्या पानांचं मधूनच काळं पडतंय, टांगलेलं तेवढं बरं आहे. वर घरभर चिलटं. पानं मऊ पडली म्हणून पाणी वाढवून बघितलं तर आणखीच बिघडलं. मुलगी व्हिडिओ कॉलवर झाडं दाखवा म्हणते तेव्हा मी विषय बदलतो. दिवाळीला ती येतेय. तोवर वाचतील का? घरात मांजर आहे, तिने पानं खाल्ली तर काही होईल का? आणि परत जाताना मुलीला एखादं झाड नेता येईल का?

— एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर:

काका नमस्कार,

आधी आज काय करायचं ते सांगते, बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल. उद्या सकाळचा तांब्या घालू नका. परवाचाही नको. आणि आजच, उजेड असेपर्यंत, चारही झाडं कुंडीतून बाहेर काढा. खाली पेपर पसरा, कुंडी आडवी करा, कडेने थोपटत थोपटत माती सैल करा आणि झाड मातीसकट सरकवून घ्या, वरून धरून ओढू नका, कारण ह्याचे देठ रसाळ असतात, पटकन तुटतात. मग माती हलक्या हाताने झाडून मुळं बघा. पांढरी किंवा फिकट बदामी आणि बोटाला टणक लागतात ती जिवंत. तपकिरी-काळी, बुळबुळीत, दोन बोटांत धरून ओढली की वरची साल निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो, कुबट वास येतो, ती गेली. कात्री स्पिरिटने पुसून घ्या आणि गेलेली सगळी कापून टाका, हात आखडता घेऊ नका, कुजका भाग ठेवला की तो चांगल्यालाही घेऊन जातो. खोड बुडाशी काळं-मऊ झालं असेल तर त्याच्या वर, जिथे आतून स्वच्छ हिरवं दिसतं तिथपर्यंत कापा. कापणी झालेली झाडं पंख्याखाली सावलीत तीन-चार तास तशीच राहू देत.

मुळं अगदीच थोडी दिसतायत म्हणून घाबरू नका. पेपरोमियाची मुळं बारीक आणि थोडीच असतात, आणि तुमच्या घरी जे झालंय त्याचं कारण इथेच आहे, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगते.

पेपरोमिया हे मिरी आणि नागवेलीच्या कुळातलं. कधी फुलोरा आला तर बघा, पाकळ्या वगैरे काही नाहीत, नुसता हिरवट बारीक तुरा वर येतो, मिरीच्या वेलाला येतो त्याच धाटणीचा. ह्याच्या हजाराच्या वर जाती आहेत, बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलातल्या, आणि त्यातल्या कितीतरी जमिनीत वाढतच नाहीत, मोठ्या झाडांच्या खोडावर, शेवाळात, कुजलेल्या ओंडक्यावर, कातळाच्या भेगेत राहतात. आपल्या सह्याद्रीतही झाडांच्या खोडांवर वाढणाऱ्या जाती आहेत. आणि लांब कशाला, तुमच्या सोसायटीत खाली एक चक्कर मारा, आत्ता पावसात दुसऱ्याच झाडांच्या कुंड्यांमध्ये, कंपाउंडच्या भिंतीच्या बुडाशी, वीतभर नाजूक रोपं उगवलेली दिसतील, बदामी आकाराची चकचकीत पानं आणि आरपार उजेड दिसेल असे पाणीदार देठ, ते पेपरोमिया पेल्युसिडा, मूळचं अमेरिकेतलं पण आपल्याकडे तण म्हणून कायमचं राहायला आलेलं. माळी ते उपटून टाकतात. एक उपटून मुळं बघा, किती कमी मुळांवर ते उभं असतं ते कळेल.

आता पाणी ठेवतं कुठे, तर पानात. तुमच्या जाड पानांच्या झाडाचं गळलेलं एखादं पान घ्या, ब्लेडने आडवं कापा आणि खिडकीशी धरून कापलेली कड नीट बघा. हिरवा भाग खालच्या बाजूला पातळसा दिसेल आणि त्याच्या वर एक जाड पारदर्शक थर. ही त्याची टाकी. पाऊस पडला की झाड ही टाकी भरून घेतं आणि मधल्या कोरड्या दिवसांत त्यातलं वापरतं, खोडावर राहणाऱ्याला दुसरा मार्गच नाही. अशा झाडाला रोज तांब्याभर पाणी म्हणजे टाकी भरलेली असताना नळ चालूच, फक्त हे पाणी पानात न जाता मुळांशी साचून राहतं.

तुम्ही लिहिलंय पानं मऊ पडली म्हणून पाणी वाढवलं. काका, मला पावसाळ्यात येणाऱ्या पत्रांमध्ये हे इतक्या वेळा असतं की इथे नीट थांबूनच सांगायला हवं. पेपरोमिया तहानलं की पान मऊ पडतं. आणि पेपरोमियाची मुळं कुजली तरी पान मऊच पडतं. वरून बघून दोन्ही अगदी सारखं दिसतं. मातीत सतत पाणी राहिलं की मातीतल्या बारीक फटींमधली हवा निघून जाते, मुळांनाही श्वासाला हवा लागते, ती गुदमरून मरतात, त्यात ओल्या मातीतली बुरशी लागते, आणि मेलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणजे झाड भिजलेल्या मातीत उभं राहून तहानेनं सुकतं. आपण बघतो पान मलूल, घालतो पाणी, उरलीसुरली मुळंही जातात.

म्हणून एकट्या पानावर विश्वास ठेवायचा नाही, माती आणि पान दोन्ही बघायचं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, आणि मधल्या वयाचं एक पान दोन बोटांत धरून अगदी हळू वाकवून बघा. पान कडक असेल तर टाकी भरलेली आहे, माती कशीही असो, पाणी नको. पान पोळीसारखं सहज दुमडायला लागलं आणि माती कोरडी आहे, तर तहान लागलीय, भरपूर पाणी द्या, खालून वाहू दे. पान दुमडतंय आणि माती ओली आहे, तर पाणी बंद आणि लगेच मुळं बघा. तुमच्याकडे तिसरा प्रकार झालाय.

मेपर्यंत बरी होती आणि जूननंतर बिघडली ह्याचंही उत्तर ह्यातच आहे. मेमध्ये कुंडी चार इंची, दिवसभर पंखा, बाहेर ऊन, तुम्ही घातलेलं पाणी एक-दोन दिवसांत उडून जात होतं. जूनमध्ये तीन गोष्टी एकदम बदलल्या. कुंडी दहा इंची झाली, म्हणजे मुठीएवढ्या मुळांभोवती कितीतरी पट जास्त माती, तिच्यातलं पाणी ओढायला मुळंच नाहीत. माती लाल आणि वर शेणखत, दोन्ही ओल धरून ठेवणारं. आणि पाऊस सुरू झाला, खाडीकडून येणारी हवा आधीच दमट, टॉवेल वाळत नाहीत तिथे कुंडी कुठून वाळणार, त्यात ढग, उजेड निम्म्यावर, झाडाला मुळात पाणी कमी लागतंय. तुमचा हात मोगऱ्याला सरावलेला आहे, आणि मोगऱ्याला, जास्वंदीला जमिनीत हे सगळं मानवतं, खोल मुळं, भरपूर ऊन, भरपूर शेणखत. पेपरोमियाची रीतच वेगळी.

आता परत लावायचं. शक्यतो त्याच जुन्या लहान कुंड्या घ्या, मुलीने ठेवल्या होत्या त्या, तिने बरोबर ठेवल्या होत्या. मुळं कापून कमी झाली असतील तर त्याहूनही लहान, मुळांच्या गोळ्याभोवती बोटभर जागा पुरते. चार इंचाची मातीची कुंडी सगळ्यात उत्तम, कारण ती चारी बाजूंनी ओल सोडते, पावसाळ्यात हा मोठाच फायदा. भोक हवंच. सिरॅमिकच्या बिनभोकाच्या सुंदर कुंड्या गिफ्टमध्ये मिळतात त्या बाहेरून ठेवायला वापरा, आत प्लास्टिकची भोकवाली, आणि पाणी घातल्यावर आतली उचलून खालचं साचलेलं ओतून टाका.

माती म्हणाल तर मातीच नको. दोन भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग परलाइट म्हणजे पांढरे हलके खडे, एक भाग नारळाच्या सालीचे तुकडे ज्यांना नर्सरीत हस्क चिप्स म्हणतात, आणि वर मूठभर गांडूळखत. कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी पिळून टाका, पुन्हा एकदा धुवा, त्यात बऱ्याचदा क्षार असतात. घोडबंदर रोडच्या कुठल्याही बऱ्या नर्सरीत हे सगळं लहान पाकिटात मिळतं, मोठी गोणी घ्यायची गरज नाही. परलाइट नसेल तर विटेचे मटाराएवढे तुकडे चाळून, धुऊन घाला, थोडा लाकडी कोळसा फोडून घाला, तोही चालतो. बरोबर झालंय का हे बघायला रिकाम्या कुंडीत भरून वरून पाणी ओता, काही सेकंदांत खालून धार यायला हवी. वर डबकं राहिलं तर अजून जाडसर काहीतरी मिसळा. लावताना दाबून दाबून बसवू नका आणि पूर्वी जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा, खोड पुरू नका. लावल्यावर मिश्रण नुसतं दमट असू दे, आणखी पाणी चार-पाच दिवसांनी. शेणखत अजिबात नको, कुठलंच खत नको, जखमी मुळांना ते सोसत नाही. ऑक्टोबरनंतर नवीन पानं यायला लागली की १९:१९:१९ हे विरघळणारं खत एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, ह्याहून जास्त लागत नाही.

आता एकेक झाड बघू. टांगलेलं बरं आहे असं तुम्ही म्हणता, वर्णनावरून ते पेपरोमिया होप असावं, गोल जाडसर पानं आणि खाली लोंबणाऱ्या फांद्या. त्याला फक्त लहान कुंडीत हलवा, बाकी काही करू नका.

जाड पानांचं पिवळ्या कडांचं म्हणजे ऑब्ट्यूसिफोलिया, नर्सरीवाले बेबी रबर प्लांट म्हणतात, रबराच्या झाडाशी त्याचा काही संबंध नाही. ह्याची मुळं पूर्ण गेली असतील तरी शेंडे काढून झाड परत उभं राहतं. तीन-चार पानं असलेला शेंडा कापा, खालचं एक पान काढा, कापलेली बाजू सुकू द्या आणि दमट परलाइट-कोकोपीटमध्ये खोचा, किंवा काचेच्या लहान बाटलीत पाण्यात ठेवा, दर तीन दिवसांनी पाणी बदला. एक काळजी घ्या, ह्याचं नुसतं पान लावू नका. पानापासून रोप येतं, पण पिवळी कड बहुतेक वेळा जाते, सगळं हिरवं रोप येतं. कड हवी तर खोडाचा तुकडाच लागतो, त्यावरच्या डोळ्यातून फुटलेली फांदी तीच रंगसंगती घेऊन येते.

सुरकुतलेल्या पानांचं म्हणजे कॅपेराटा. हे मधूनच काळं पडतंय कारण त्याचं खोड आखूड, सगळी पानं एका जागेवरून निघतात, वरून ओतलेलं पाणी तिथे गाभ्यात आणि पानांच्या घड्यांमध्ये साचतं. काळी पानं देठासकट तळातून काढा, कापसाने गाभा कोरडा करा. ह्याला पुढे कधीही वरून पाणी देऊ नका, बशीत दोन बोटं पाणी घेऊन कुंडी वीस मिनिटं त्यात ठेवा, खालून ओढू दे, मग बशी रिकामी. दोन-तीन चांगली पानं देठासकट काढून वेगळी लावून ठेवा, मूळ झाड नाहीच सावरलं तर हाताशी काहीतरी राहील.

आणि कलिंगडाच्या पट्ट्यांचं, अर्जिरिया. तुम्ही पार बसलंय म्हणताय, तर मूळ झाड बहुधा गेलंच, त्याबद्दल तुम्हाला खोटी आशा देत नाही. पण त्याचं एक जरी पान अजून टणक असेल तर झाड गेलेलं नाही. ते पान देठ बोटाच्या एका पेराएवढा ठेवून कापा आणि देठ पानाच्या बुडापर्यंत मिश्रणात खोचा. दोन पानं असतील तर दुसरं मधोमध आडवं कापा आणि दोन्ही अर्धी कापलेली कड खाली ठेवून जेमतेम आत जातील अशी उभी खोचा. कापलेल्या कडेवर जिथे शिरा येतात तिथून मुळं फुटतात आणि मग इवलीशी रोपं वर येतात, एका पानातून तीन-चारसुद्धा. मिठाईचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, त्यातच लावा, झाकण लावून उजेडात ठेवा, ऊन नको, दिवसातून एकदा झाकण उघडून हवा द्या. मुळं साधारण महिनाभरात, रोप वर दिसायला दोन महिने तरी, म्हणजे दिवाळीला मुलगी येईल तेव्हा डब्यात रुपयाएवढी पट्टेरी पानं असायची चांगली शक्यता आहे. मोठ्या झाडाला नको असलेली पावसाळ्यातली दमट हवा ह्या कामाला मात्र एकदम योग्य, म्हणून उशीर करू नका, पान मऊ पडायच्या आत लावा.

टीव्ही युनिटवरून झाडं हलवा. लांब असलेल्या खिडकीचा उजेड आपल्या डोळ्यांना पुरतो, झाडाला नाही, आणि कमी उजेडात झाड पाणी कमी पितं, म्हणजे कुंडी आणखी ओली. पावसाळा संपेपर्यंत थेट पश्चिमेच्या काचेशी ठेवा, ढगाळ उन्हाने काही होत नाही. ऑक्टोबर हीटमध्ये मात्र दुपारी तीननंतरचं तिथलं ऊन पानं भाजून काढेल, तेव्हा पातळ पडदा लावा किंवा तीन-चार फूट आत घ्या. पिवळ्या कडांच्याला सगळ्यात पुढची जागा, कारण पिवळ्या भागात हरितद्रव्य नसल्यात जमा, त्याला उजेड जास्त लागतो. नवीन पानं लहान येतायत, देठ लांबलचक होतायत असं दिसलं तर उजेड कमी पडतोय. सलग काळोखे दिवस असतील तर साधा नऊ-बारा वॉटचा पांढरा एलईडी बल्ब फूटभर वर टांगून दिवसाला दहा-बारा तास लावा, महागडी ग्रो लाइट घ्यायलाच हवी असं काही नाही. पावसाचं पाणी चांगलं म्हणून बाल्कनीत बाहेर ठेवू नका, सतराव्या मजल्याच्या वाऱ्यात रसाळ फांद्या मोडतात आणि पाऊस थांबत नाही तोवर कुंडी भिजतच राहते. बादलीत पावसाचं पाणी धरून ठेवा आणि लागेल तेव्हा ते घाला, ते खरंच उत्तम.

पाण्यावरून आठवलं, घोडबंदर-कोलशेतच्या पट्ट्यात बऱ्याच सोसायट्यांना टँकर लागतो आणि टँकरचं पाणी पुष्कळदा बोअरचं, जड असतं. कुंडीच्या काठावर, मातीवर पांढरं पापुद्र्यासारखं जमलं, पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, तर क्षार साचतायत समजा. फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक झाडांना घालतात, पण आरओचं ते पाणी आणखी जास्त क्षारांचं, पेपरोमियाला अजिबात नको, लादी पुसायला वापरा. एसीचं गळणारं पाणी चालतं.

पुटकुळ्यांना औषध मारू नका, तो रोग नाही. मुळं जिवंत असतात तोवर त्यांच्याकडून पाणी भरपूर वर येतं आणि दमट, कोंडलेल्या हवेत पानातून बाहेर पडत नाही, मग आतल्या पेशी फुगून फुटतात आणि तिथे खपली धरते. आलेल्या खपल्या जाणार नाहीत, पण पाणी कमी झालं आणि खोलीत पंखा हळू चालू राहिला की नवीन पानं स्वच्छ येतील. पानांवर स्प्रे बाटलीने पाणी मारायची गरज ठाण्यात तरी नाही, आपल्या हवेत आहे तेवढी ओल पुष्कळ.

चिलटांच्या अळ्या वरच्या ओल्या मातीत आणि कुजत्या शेणखतात वाढतात, ती माती आज घराबाहेर गेली की बरीचशी जातील, उरलेल्यांसाठी कुंडीत पिवळं चिकट कार्ड खोचा. जुनी माती दुसऱ्या घरातल्या कुंडीत घालू नका, खाली सोसायटीच्या बागेत द्या. आणि माती झाडताना मुळांशी किंवा पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस लागल्यासारखं दिसलं तर तो मिलीबग, इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा, मग आठवड्याने संध्याकाळी नीम तेल, लिटरला पाच मिली आणि लिक्विड सोपचे काही थेंब, आधी एकाच पानावर मारून दोन दिवस बघा.

रोज सकाळी पूजेनंतर झाडांशी जायची तुमची सवय मात्र सोडू नका. तांब्या तुळशीला न्या, बाल्कनीत ऊन येत असेल तर तिथे एक मोगरा लावा, तो उन्हाळ्यात रोजचं पाणी पिऊन टाकेल. पेपरोमियाला रोज फक्त बघा. पान उलटून खालून बघा, देठ मातीतून निघतो तिथे बघा, कुंडी उचलून वजन बघा. पाणी घातल्यावरची जड कुंडी आणि आठ दिवसांनंतरची हलकी कुंडी ह्यातला फरक हाताला कळायला लागला की बोट घालायचीही गरज उरत नाही. अंदाज म्हणून सांगते, चार इंची कुंडीला पावसाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात पाच-सात दिवसांनी पाणी लागेल, पण तारखेवर नाही, पानावर आणि मातीवर ठरवा.

मांजराची काळजी नको. अमेरिकेतली एएसपीसीए ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था विषारी आणि बिनविषारी झाडांची यादी ठेवते, त्यात पेपरोमियाच्या नेहमीच्या जाती मांजर-कुत्र्यांसाठी बिनविषारी म्हणूनच आहेत. कुठलंही पान जास्त खाल्लं तर मांजर ओकेल, तेवढंच. पण घरात मनी प्लांट असेल तर तो मात्र तिच्या तोंडापासून लांब ठेवा, त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुयांसारख्या स्फटिकांनी तोंडाची आग होते, आणि लिलीचे गुच्छ तर मांजराच्या घरात आणूच नका, त्याने मूत्रपिंडं निकामी होऊन जीव जातो.

आणि मुलीला आज सांगा. झाड गेलं म्हणून ती रागावेल असं तुमच्या पत्रावरून मला तरी वाटत नाही, आणि रागावली तरी घटकाभर. ही झाडं तिने वाढवलीयत, कुठल्याला कधी पाणी द्यायची, आधीचं मिश्रण काय होतं, हे तिला माहीत आहे. मुळं पेपरवर पसरलेली असतील तेव्हाच व्हिडिओ कॉल लावा, कॅमेरा थेट मुळांवर धरा, कुठपर्यंत कापायचं ते ती तिथून सांगेल. दिवाळीपर्यंत लपवलंत तर तुम्हाला तीन महिने कॉलवर तोंड फिरवत बसावं लागेल, आणि ते तुम्हालाच जास्त जड जाईल.

जर्मनीला न्यायचं तर अडचण आहे. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून झाड, रोप, कटिंग काहीही न्यायचं तर प्रवाशाच्या सामानातसुद्धा फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं, म्हणजे झाडावर कीड-रोग नाही असा सरकारी दाखला. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढी पाच फळं तेवढी ह्यातून वगळलेली आहेत. आपल्याकडे हा दाखला केंद्र सरकारचं प्लांट क्वारंटाइन खातं देतं, मुंबईत त्यांचं ऑफिस आहे, पण एका पानाच्या रोपासाठी ही धावपळ करावी असं मी सांगणार नाही, आणि बॅगेत लपवून तर नाहीच. पेपरोमिया तिकडच्या दुकानांत सहज मिळतं. ती तिथे एक घेईल, इथली तुमच्याकडेच राहू देत.

मुळं बघून झाल्यावर काही शंका राहिली तर फोटो पाठवा, एक मुळांचा जवळून आणि एक खोडाच्या बुडाचा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता. फ्लॅशमध्ये कुजकं मूळही पांढरं दिसतं.